तराजू आणि ताट

उमरेडच्या आमच्या जुन्या घरांत माजघराच्या कोपऱ्यांत लोखंडी दांडीचा एक तराजू अजून टांगलेला आहे. धान्य पायली-कुडवानें मोजीत; तराजू असे तो मिरची तोलण्यासाठीं. त्यावर माणसाला कोणी कधीं चढविलें नाहीं. गेल्या दिवाळींत मात्र त्याच कोपऱ्यांत, त्या तराजूच्या खालीं, कांचेचा एक चपटा वजनकांटा ठेवलेला आम्हीं पाहिला. घरांतली सोळा वर्षांची मुलगी सकाळीं एकदां व रात्रीं एकदां त्यावर उभी राही, आणि जो आंकडा दिसेल त्याप्रमाणें तिचा चेहरा फुले किंवा उतरे. पाडव्याच्या दिवशीं तिच्या आजीनें वडाभात केला होता. ताट पुढें आलें तेव्हां मुलीनें विचारलें, "आजी, यांत किती कॅलरी असतील?" आजीला प्रश्न कळला नाहीं, तिला एवढेंच कळलें कीं, आपण रांधलेलें अन्न आज कोणी तरी आरोपी म्हणून उभें केलें आहे. "बाई, आधीं जेव तर खरी," ती म्हणाली. मुलगी दोन घांस खाऊन उठली, आजी त्या ताटाकडे पाहत बसली, आणि त्या दिवशीं दोघींचेंहि जेवण झालें नाहीं.

या दोघींपैकीं चुकलें कोणाचें, हा प्रश्न आम्हीं पुष्कळ दिवस मनांत घोळविला. मुलीचा हट्ट म्हणावा तर तसा हट्ट आज घरोघर आहे, आणि तो मुलींपुरताहि नाहीं; पन्नाशींतले गृहस्थ लग्नाच्या पंगतींत श्रीखंडाकडे पाहून उसासा टाकतात व मागाहून दोन वाट्या अधिक खाऊन स्वतःला दोष देत घरीं जातात. आजीचें जुनेपण म्हणावें तर तिच्या हाताखालीं वाढलेलीं माणसें कांहीं सगळीं निरोगी निपजलीं नाहींत. तेव्हां हा प्रश्न स्वभावाचा नसून इतिहासाचा आहे असें आम्हांस वाटूं लागलें. आमच्या लोकांचें अन्नाशीं नातें पूर्वीं काय होतें, तें कोणकोणत्या मार्गांनीं बदललें, आणि ताटाशेजारीं वजनकांटा कसा येऊन बसला, याचा थोडासा मागोवा प्रस्तुत लेखांत घेण्याचें योजिलें आहे.

उमरेड हें गांव नागपूरच्या आग्नेयेस सुमारें ४५ किलोमीटरांवर आहे. उंबराच्या झाडावरून त्यास नांव पडलें असें म्हणतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस मुनाजी पंडित नांवाच्या गृहस्थानें तें वसविलें व १८६७ मध्यें तेथें म्युनिसिपालिटी स्थापन झाली. रेशीमकांठी धोतरें विणणाऱ्या कोष्ट्यांचें गांव म्हणून त्याची ख्याति होती. १९०१ च्या खानेसुमारींत तेथें जवळजवळ सोळा हजार माणसें भरलीं. पुढें कोळशाच्या खाणी निघाल्या आणि गांवाचें रूप पालटलें. पश्चिमेकडील ज्वारीचा मुलूख व पूर्वेकडील धानाचा मुलूख ज्या पट्ट्यांत एकमेकांस भेटतात, त्या पट्ट्यांत हें गांव असल्यामुळें येथल्या ताटांत भाकर व भात दोन्ही नांदत आले. पावसाळ्यांत तरोटा, चिवळ, अंबाडी आणि रानांतून येणारे वास्ते, हिवाळ्यांत हुरडा, उन्हाळ्यांत आंबील व मोहाचीं फुलें, सणावारीं वडाभात, गोळाभात, पुरणपोळी, आणि बारा महिने शेजारच्या भिवापुराची लालभडक मिरची. दिवसभर मागावर बसणाऱ्या कोष्ट्यांच्या घरचा झणझणीत सावजी रस्सा आतां देशभर माहीत झाला आहे. काय खावें हें येथें बव्हंशीं ऋतु, काम आणि ऐपत हीं तीन ठरवीत. किती खावें हें कोण ठरवी?

या प्रश्नाचें उत्तर आमच्या प्राचीन ग्रंथकारांनीं मोठ्या बारकाईनें दिलेलें आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानांत आहाराचा विचार आठ अंगांनीं करावयास सांगितला आहे: पदार्थाची प्रकृति, त्यावर झालेला संस्कार, दुसऱ्या पदार्थाशीं संयोग, प्रमाण, देश, काल, जेवण्याची रीत, आणि शेवटीं स्वतः जेवणारा. म्हणजे एकच पदार्थ सर्वांस सर्वकाळ चांगला किंवा वाईट असें त्या शास्त्रानें मानलेंच नाहीं. पोटाचे तीन भाग कल्पून एक घट्ट अन्नास, एक पातळास व एक वातपित्तकफांच्या संचारास मोकळा ठेवावा; फार भरभर किंवा फार रेंगाळत जेवूं नये; जेवतांना चित्त अन्नावर असावें; आणि स्वतःच्या प्रकृतीकडे पाहून जेवावें, असा त्याचा उपदेश आहे. अतिस्थूल व अतिकृश या दोघांचीहि गणना त्यानें दोषयुक्त देहांत केली आहे. स्थूलता ही नव्या काळानें शोधून काढलेली व्याधि नव्हे, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे. गीतेच्या सहाव्या अध्यायांत अति खाणारा व मुळींच न खाणारा या दोघांनाहि योगाचा मार्ग बंद सांगितला असून, त्यावरील ज्ञानेश्वरांच्या टीकेमुळें तो विचार १२९० पासून मराठी माणसाच्या घरांत वावरत आहे.

शास्त्राबरोबर रसिकताहि होती. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसऱ्या सोमेश्वरानें ११३० च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासां’त अन्नभोगाचें स्वतंत्र प्रकरण आहे, त्यांत मांड्यांपासून मांसापर्यंत अनेक पदार्थांच्या कृति आहेत. तंजावरच्या मराठी राजकुलाच्या आश्रयास असलेल्या रघुनाथानें सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ‘भोजनकुतूहल’ रचलें. त्यांत धान्यें, भाज्या, दूध, पाणी यांचे गुणदोष सांगितले आहेत. लक्ष्मीबाई धुरंधरांचा ‘गृहिणीमित्र’ १९१० च्या सुमारास निघाला व मध्यमवर्गीय घरांत पिढ्यानुपिढ्या वापरला गेला. या सगळ्या परंपरेंत पथ्य आहे, चव आहे, संयम आहे. परंतु अन्नाची भीति नाहीं. आमच्या भाषेंतील मापेंहि तेंच सांगतात. पोटापुरतें, भुकेपुरतें, चवीपुरतें, तोंडीं लावण्यापुरतें, पोटभर, आणि त्यापलीकडे ‘आग्रहाचें’. हीं सगळीं मापें शरीराच्या आंतून घेतलेलीं किंवा वाढणाऱ्याच्या हातांतून आलेलीं आहेत. बाहेरून लावलेलें एकहि नाहीं.

येथें थांबलों तर आजीच्या बाजूनें निकाल देऊन मोकळें होतां येईल. परंतु इतिहासाशीं प्रामाणिक राहावयाचें तर ताटाची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. आग्रहाची पंगत ज्यांच्यासाठीं होती ते थोडे होते. घरांतील बायका सर्वांच्या मागून, उरलेलें खात. त्यांचें ‘पोटापुरतें’ हें माप पातेल्याच्या तळाशीं काय राहिलें यावर ठरे. त्यांतच उपासांची भर. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण उपास करणाऱ्यांची थट्टा करते खरी. पण साबुदाणा व शेंगदाणे ज्या घरीं येऊं शकत त्या घरांची ती म्हण आहे. आणि गांवकुसाबाहेर तर पंगतीचें उष्टें व मेलेल्या जनावराचें मांस हेंच कित्येकांच्या वांट्यास येई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मार्च १९२७ मध्यें महाडच्या परिषदेंत आपल्या बांधवांस मृतमांस व शिळे तुकडे टाकण्याची हांक दिली, तेव्हां त्यांनीं अन्नाच्या प्रश्नाचें खरें मर्म उघड केलें. अन्न मिळालें म्हणजे झालें नाहीं. तें मानानें मिळालें पाहिजे. शाहू पाटोळे यांनीं मराठवाड्यांतील दलितांच्या खाद्यसंस्कृतीवर २०१५ मध्यें लिहिलेल्या पुस्तकास ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ असें नांव दिलें आहे. जुन्या ताटाचें गुणगान करूं जाणाऱ्यानें तें नांव आधीं डोळ्यांपुढें ठेवावें.

याहून कठीण काळ दुष्काळाचा. मध्यप्रांतांत १८९६–९७ व १८९९–१९०० असे दोन भयंकर दुष्काळ लागोपाठ पडले. १९०१ सालीं शिरगणती झाली तेव्हां प्रांताची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वींपेक्षां कमी भरली. अशा वर्षीं या मुलुखांत लाखोळी हें गरिबाचें धान्य होई. धानाचें पीक उभें असतांनाच ओल्या बांधींत लाखोळी टाकावी, धान निघावें आणि उरलेल्या ओलीवर ती वाढावी, अशी ही उतेऱ्याची पद्धत. पाऊस दगा देवो कीं थंडी पडो, लाखोळी तग धरते. परंतु महिनोन्महिने दुसरें कांहींच न मिळतां केवळ लाखोळीवर राहणाऱ्यांचे पाय लुळे पडतात. त्यास कारण होणारें द्रव्य १९६४ मध्यें निश्चित झालें. त्याच्या आधींच, १९६१ मध्यें, केंद्राच्या नियमांनीं तिच्या विक्रीस मनाई झाली होती. विदर्भांतील शेतकरी ती तरीहि पिकवीत व खात राहिले, नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारी यांनीं ही बंदी उठावी म्हणून दीर्घ काळ झगडा केला. या वादांत न शिरतांहि एक गोष्ट हातीं लागते. पाय घालविले ते ताटांतल्या चार पदार्थांतील एका डाळीनें नव्हे. त्या डाळीशिवाय ताटांत दुसरें कांहींच नव्हतें, या दारिद्र्यानें. चरकानें आठ अंगें सांगितलीं तीं याचसाठीं. पदार्थास एकट्यास आरोपी करणें सोपें असतें, आणि बहुधा तें अपुरें असतें.

आमच्याकडे माणसें अशीं अन्नावांचून झुरत असतां युरोपांत एक नवाच इतिहास घडत होता. लंडनमध्यें अंत्यविधीचें सामान पुरविणारा विल्यम बँटिंग नांवाचा एक सुखवस्तु गृहस्थ होता. उतारवयांत त्याची स्थूलता इतकी वाढली कीं जोड्याचे बंद बांधण्यास त्याला वांकतां येईना. डॉक्टर हार्वे यांच्या सल्ल्यानें त्यानें साखर, पाव, बटाटे वगैरे सोडले आणि सुमारें ४६ पौंड वजन उतरविलें. १८६३ मध्यें त्यानें ही हकीकत छोट्या पुस्तकाच्या रूपानें प्रसिद्ध केली. ती इतकी खपली कीं ‘बँटिंग करणें’ हा शब्दप्रयोगच इंग्रजींत रूढ झाला. त्याच शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत ॲटवॉटर यांनीं अन्नाची उष्णता मोजून तें कॅलरींत मांडलें. हें मोजमाप मुळांत मजुरांस पुरेसें अन्न कमींत कमी पैशांत कसें मिळेल हें पाहण्याच्या कामीं आलें. परंतु १९१८ मध्यें लॉस एंजेलिसच्या डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांनीं आपल्या पुस्तकांतून गृहिणींस पावाचे तुकडे न मोजतां पावाच्या कॅलरी मोजावयास शिकविलें, आणि मापाचा अर्थ उलटा झाला. भुकेल्यास किती द्यावें हें सांगणारें माप, तृप्त माणसानें स्वतःला किती नाकारावें हें सांगूं लागलें. आयुर्विम्याच्या कंपन्यांनीं उंचीप्रमाणें ‘योग्य’ वजनाचीं कोष्टकें छापलीं, आणि माणसाचें शरीर हिशेबाच्या वहींत शिरलें.

हिंदुस्थानांत आहाराची शास्त्रीय पाहणी सुरू झाली ती मात्र वेगळ्या हेतूनें. कुन्नूर येथें रॉबर्ट मॅकॅरिसन यांनीं व १९३५ पासून डॉ. ॲक्रॉइड यांनीं आमच्या धान्यांची व भाज्यांची जीं पृथक्करणें केलीं, त्यांमागें चिंता उपासमारीची होती, स्थूलतेची नव्हती. आणि त्याच सुमारास आमच्या शेजारीं, वर्ध्यास, एक विलक्षण प्रयोगशाळा उघडली. डिसेंबर १९३४ मध्यें अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचें ठाणें मगनवाडींत पडलें, आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. हातसडीचे तांदूळ, घाणीचें तेल, जात्यावरचें पीठ, गूळ हे विषय तेथें हिरिरीनें चर्चिले जाऊं लागले. गांधीजी १९३५ मध्यें मगनवाडींत राहत असतां त्यांनीं सोयाबीन, कडुनिंबाचा पाला, कच्च्या पालेभाज्या यांचे प्रयोग स्वतःवर व भोवतालच्या मंडळींवर केले. १९३६ मध्यें ते शेगांवास, म्हणजे पुढील सेवाग्रामास, गेले तेव्हां प्रयोगहि त्यांच्याबरोबर गेले. गिरणीच्या पांढऱ्याशुभ्र तांदळांत सत्त्व कमी राहतें, हें त्या वेळीं शास्त्रहि सांगूंच लागलें होतें. गांधीजींनीं त्याला खेड्यांतील रोजगाराची जोड दिली. आपल्या घासांतून कोणाचा हात चालतो व कोणाचा थांबतो, हा प्रश्न ताटावर आणून ठेवणें हें वर्ध्याचें मोठें कार्य होय.

तथापि वर्ध्याची शिकवण जशीच्या तशी उचलण्यास आम्ही तयार नाहीं. गांधीजींच्या व्रतांत अस्वाद हें एक व्रत होतें. अन्न औषधाप्रमाणें, शरीररक्षणापुरतें घ्यावें, जिभेच्या सुखासाठीं घेऊं नये, असा त्याचा भावार्थ. ज्यानें आपलें सारें जीवन एका महान् कार्यास वाहिलें त्याला हें साधेल व शोभेल. पण संसारी माणसानें चवीला पाप मानलें कीं एक तर तो ढोंगी होतो किंवा दुःखी होतो. आणि पिढ्यानुपिढ्या उरलेलें खाणाऱ्या स्त्रीस ‘चवीचा मोह सोड’ असें सांगणें म्हणजे उपाशाला उपासाचें माहात्म्य सांगण्यासारखें आहे.

उपवासाचाहि एक थोर इतिहास या टापूंत आहे. उमरेडच्या दक्षिणेस चाळीस-पन्नास किलोमीटरांवर चिमूर आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजीं तेथें उठाव झाला, आणि तो मोडण्यास आलेल्या फौजेनें व पोलिसांनीं गांवांतील स्त्रियांवर अत्याचार केल्याचा बोभाटा झाला. त्याची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या आश्रमांतील प्राध्यापक भन्साळी यांनीं अन्नत्याग केला. ६३ दिवसांनंतर, जानेवारी १९४३ मध्यें, तो सुटला. हे भन्साळी एके काळीं कच्चें पीठ व कडुनिंबाचा पाला खाऊन राहत असत. तेव्हां जिभेला जिंकण्याचें वेड त्यांस नवें नव्हतें. परंतु चिमूरच्या उपवासांत जिभेचा वा देहाचा प्रश्नच नव्हता. महाडास मृतमांस टाकणाऱ्यांच्या व चिमुरासाठीं अन्न टाकणाऱ्या भन्साळींच्या त्यागांत एक साम्य आहे: दोघांचीहि नजर स्वतःच्या देहापलीकडे होती. आज वजनकांट्यापुढें जो त्याग होतो त्याची नजर देहावरच खिळलेली असते, आणि तीहि प्रेमानें नव्हे.

नुसत्या त्यागाचा परिणाम मनावर काय होतो, याचा जगांतील सर्वांत बोलका प्रयोग त्यानंतर दोनच वर्षांत अमेरिकेंत झाला. नोव्हेंबर १९४४ मध्यें मिनेसोटा विद्यापीठांत ॲन्सेल कीज यांनीं ३६ तरुणांवर तो सुरू केला. सद्सद्विवेकास अनुसरून युद्धांत शस्त्र धरण्यास नकार देणारे हे तरुण. युद्धानें भुकेल्या झालेल्या युरोपास पुन्हां अन्नावर कसें आणावें हें कळावें म्हणून ते आपण होऊन पुढें आले. सहा महिने त्यांस दिवसाला सुमारें १६०० कॅलरींचें अन्न दिलें गेलें. त्यांचें वजन सुमारें चतुर्थांशानें घटलें. परंतु घटलें तें वजनच नव्हे. त्यांचा उत्साह मावळला, थंडी वाजूं लागली, विनोद संपला, मैत्रिणींत रस उरला नाहीं. ते दिवसभर अन्नाविषयीं बोलत, पाकशास्त्राचीं पुस्तकें वाचीत, बशा चाटीत. प्रयोग संपून अन्न मोकळें झाल्यावरहि कित्येकांस कितीहि खाल्लें तरी पोट भरल्यासारखें वाटेना. १६०० कॅलरी हा आंकडा वाचकांनीं पुन्हां एकदां वाचावा. वजन उतरविण्यासाठीं आज जीं आहारपत्रकें हातोहात फिरतात त्यांतील कित्येकांत याहून कमीच अन्न लिहिलेलें असतें. श्रीखंडापुढें उसासा टाकून मागाहून दोन वाट्या अधिक खाणारा आमचा गृहस्थ दुर्बळ मनाचा नाहीं. अन्न नाकारलेल्या शरीराची ती जुनी, स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. आहारावर कडक निर्बंध घालून घटविलेलें वजन बहुतेकांच्या बाबतींत कांहीं वर्षांत मोठ्या अंशानें परत येतें, हें पुढील अभ्यासांतहि दिसून आलें.

या प्रयोगाच्या कर्त्याचीच दुसरी एक कृति इतिहासानें जपून ठेवली आहे. बेल्जियमच्या क्वेतले यांनीं १८३० नंतरच्या दशकांत लोकसमूहांच्या अभ्यासासाठीं वजन व उंची यांचें एक गुणोत्तर काढलें होतें. कीज यांनीं १९७२ मध्यें त्याचें ‘बॉडी मास इंडेक्स’ असें नामकरण केलें. समूहासाठीं काढलेला आंकडा तेव्हांपासून एकेका माणसाच्या कपाळीं लागूं लागला. त्याची मर्यादा आमच्याच महाराष्ट्रांतील एका शास्त्रज्ञानें मार्मिकपणें दाखविली. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा निर्देशांक एकच, २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरांत चरबी शेंकडा ९.१ आणि याज्ञिकांच्या शरीरांत शेंकडा २१.२ निघाली. २००४ मध्यें ‘लॅन्सेट’ पत्रांत त्या दोघांचें छायाचित्र या आंकड्यांसह प्रसिद्ध झालें. काट्यावर सारखे दिसणारे दोन देह आंतून सारखे नसतात, हें त्यांतून कोणासहि कळावें.

याज्ञिकांचें याहून मोठें काम पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललें. तेथें जन्मणारीं बालकें सरासरीनें २.७ किलोंचीं, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टनचीं ३.५ किलोंचीं. परंतु आमचीं बालकें हलकीं असूनहि त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानानें कमी झालेली नव्हती. कमी होते ते स्नायु व अवयव. अशा बालकांस पुढें मधुमेहाचा धोका अधिक, असें याज्ञिकांचें प्रतिपादन आहे. गरोदरपणीं ज्या माता पालेभाज्या, फळें व दूध वारंवार खात त्यांचीं बालकें अधिक चांगल्या वजनाचीं निपजलीं, असेंहि त्या खेड्यांत दिसून आलें. येथें इतिहासाचें वर्तुळ एका विचित्र रीतीनें पुरें होतें. पातेल्याच्या तळाशीं उरलेलें खाणाऱ्या मातेची भूक आणि तिच्या नातवाच्या पोटाचा घेर, हे परस्परविरोधी नसून एकाच कथेचे दोन अध्याय असूं शकतात. देशाच्या २०१९–२१ च्या आरोग्यपाहणींत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारें १९ कमी वजनाच्या व २४ अधिक वजनाच्या आढळल्या. एकाच देशांत, कित्येकदां एकाच गल्लींत, दोघी राहतात. आणि दोघींसहि समाज एकच वाक्य ऐकवतो कीं, दोष तुझ्या खाण्यांत आहे.

आतां अगदीं अलीकडचा अध्याय. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार हे बहुश्रुत गृहस्थ होते. २००४ मध्यें अपघातांत त्यांचा अंत झाला. त्यांनीं व्याख्यानांतून मांडलेला विचार पुढें लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं महाराष्ट्रभर नेला: दिवसांतून दोनदांच, कडकडून भूक लागेल तेव्हां जेवावें, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपावें, आणि रोज ४५ मिनिटें चालावें. दुसऱ्या बाजूस मुंबईच्या ऋजुता दिवेकर यांनीं आपल्या मातींतलें, ऋतूंतलें, आजीच्या हातचें अन्न, तूपभातासुद्धां, निर्भयपणें व थोडें थोडें खावें असें सांगितलें. २०१८ मध्यें या दोन मतांवरून घरोघरीं वाद झाले. दोन वेळां कीं अनेक वेळां, यावर जेवणाच्या टेबलाभोंवतीं पक्ष पडले. आम्हांस या वादांत निकाल द्यावयाचा नाहीं. परंतु एक गोष्ट नजरेस आली. एकानें ‘भूक ओळखा’ म्हटलें, दुसरीनें ‘आपलें अन्न ओळखा’ म्हटलें. लोकांनीं मात्र दोघांकडून बहुतकरून वेळापत्रकच उचललें. अमेरिकेंतहि ट्रिबोल व रेश या दोन आहारतज्ज्ञ स्त्रियांनीं १९९५ मध्यें पुस्तक लिहून, आहारनियमांचा जाच सोडून भूक व तृप्ति यांच्या आंतल्या खुणा पुन्हां ऐकावयास शिका, असें सांगितलें. चरक वाचलेल्यास त्यांत नवें फार थोडें आढळेल.

मग मुलीस सांगावें तरी काय? मधुमेह, हृद्रोग यांसारखी व्याधि असेल त्यानें वैद्याच्या सांगण्याप्रमाणें पथ्य करावें यांत संशय नाहीं. पथ्य ही शिक्षा नव्हे, तें औषधाचें अंग आहे. जिचें अन्न व झोंप दोन्ही वजनाच्या धाकानें उडालीं आहेत तिलाहि वैद्याकडे नेण्यांत कमीपणा मानूं नये; तीहि व्याधीच आहे, आणि ती नीट होते. बाकीच्यांनीं अन्नास तराजूंतून उतरवून पुन्हां ताटांत ठेवावें. भूक लागली कीं जेवावें, निवली कीं थांबावें. एका वेळीं अधिक झालें तर दुसऱ्या वेळीं शरीर आपण होऊन कमी मागतें, त्यासाठीं स्वतःस दोष देण्याचें कारण नाहीं. पावसाळ्यांत पावसाळ्याची भाजी खावी. चालावें, खेळावें, पण खाल्ल्याचें प्रायश्चित्त म्हणून नव्हे. आणि दुसऱ्याच्या देहावर पंगतींत शेरा मारण्याची आपली जुनी खोड सोडावी; "काय गं, सुटलीस!" हें वाक्य कित्येक ताटांतलें अन्न विटाळून गेलें आहे.

आजीसहि कांहीं सांगणें आहे. आग्रह हें प्रेमाचें एक रूप आहे, एकमेव नव्हे. ‘पुरे’ म्हणणाऱ्याचें ‘पुरे’ मानणें हाहि अन्नाचा आदरच. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे वाढणाऱ्या बाईनें सर्वांबरोबर बसून, ताजें, ऊन ऊन, आपल्या भुकेइतकें जेवावें. आमच्या घराण्यांत हें पिढ्यानुपिढ्या झालें नाहीं. त्याची किंमत कोणी कशी दिली याची थोडीशी कल्पना वर आलीच आहे.

संक्रांतीस आम्ही पुन्हां उमरेडास गेलों होतों. वजनकांटा होता तेथेंच होता. तो कोणी फेंकून दिला नव्हता, आणि तसा चमत्कार होईल अशी आमचीहि अपेक्षा नव्हती. परंतु त्या दिवशीं आजीनें नातीला स्वयंपाकघरांत बोलावून भाकर थापावयास बसविलें होतें. मुलीच्या भाकरी वांकड्या होत होत्या, एक तर तव्यावरच मोडली. मोडलेल्या भाकरीचे तुकडे दोघींनीं चुलीपुढेंच मिरचीच्या ठेच्याशीं खाल्ले, आणि ते किती होते हें दोघींपैकीं कोणीं मोजलें नाहीं.